समोरचा वारा

“मग अडलंय कुठे बुवा? आता मी कुणाचा नाही, माझं कुणी नाही. अजून काय सोडायचं राहिलंय?”

खांबेटे मठाच्या पायरीवर बसून विचारत होते. समोर धरणाचं पाणी पसरलेलं. धोंडबुवा गवारीच्या शेंगा मोडत होते. वय ऐंशीच्या पुढे. ऐकू येतं की नाही, याचा पत्ता ते कुणाला लागू देत नसत.

खांबेटे दर शनिवारी पुण्याहून यायचे, आपली शिडाची होडी पाण्यात घालायचे आणि रविवारी परतायचे. बायको गेल्यावर त्यांनी ही होडी घेतली. त्यावरून मुलीशी, मुक्ताशी, चांगलंच वाजलं. मुक्ताचं लहानपणापासून तसंच. बापानं पूर्व म्हणावं, हिनं पश्चिम. शेवटी गेल्या संक्रांतीला ती भेटायला आली, तेव्हा खांबेटे म्हणाले, “माझ्या घरात माझ्याविरुद्ध बोलायचं नाही!”

तिनं ऐकलं. त्यानंतर ती बोललीच नाही.

तेव्हापासून घर कसं शांत! इतकं शांत, की खांबेटे उभ्या उभ्या पातेल्यातूनच भात खायचे आणि बातम्यांचा आवाज मोठा ठेवायचे. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं. कधी कधी तर ते त्या बातम्या देणाऱ्या बाईशीच वाद घालायचे. पण हे आपलं आपल्यात.

“अनुग्रह द्या बुवा. इथेच राहीन. फ्लॅट काढून टाकतो.”

“मुलीला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? नाहीच म्हणणार.”

बुवांनी शेंगांची परात बाजूला सारली.

“चल. मला त्या काठाला सोड. द्यायचं ते पाण्यावर देतो.”

परतीच्या पावसाचे दिवस. लख्ख ऊन होतं, तेवढ्यात डोंगराआडून ढग आले. होडी काठ सोडते न सोडते, तोच वारा समोरून आला.

“हा तर तोंडावर येतोय,” बुवा म्हणाले. “फिरायचं का मागं?”

“मागं? छे!” खांबेट्यांना चेव चढला. “उलट्या वाऱ्यातच तर खरी गंमत आहे. सरळ नाही घुसायचं. आधी या अंगानं तिरकं, मग त्या अंगानं तिरकं. विरुद्ध असला तरी तोच नेतो पुढे. डोकं खाली घ्या!”

शिडाची आडवी काठी बुवांच्या टकलावरून सपकन फिरली.

“अनुग्रहाआधी मला समाधी देतोस काय रे?”

एक सर आली, दोघांना नखशिखांत भिजवून गेली. मग ऊन पडलं आणि वाराही पडला. आपल्या भाषेत ऊन पडलं म्हणजे आलं, आणि वारा पडला म्हणजे गेला.

शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबू लागलं. पाणी तेलासारखं. ना हा काठ जवळ, ना तो.

खांबेट्यांनी वल्ह्याला हात घातला. बुवांनी त्यावर पाय ठेवला.

“राहू दे. आता कसं झकास झालं. कुणीच विरुद्ध नाही.”

...

लांबच्या काठावरून कुणीतरी कुणाला हाक मारली. पाण्यावरून ती अगदी जवळ आल्यासारखी आली. खांबेट्यांनी चटकन मान वळवली.

हाक त्यांना नव्हती.

“बुवा...”

बुवांनी डोळे मिटलेले.

“बुवा, काहीतरी बोला की.”

“काय बोलू? तू म्हणशील तेच बरोबर.”

“असं नको हो...”

“मग कसं?”

खांबेट्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही.

वाजत राहिला. वाजतच राहिला. ते ठेवणार, तेवढ्यात...

“हॅलो.”

“मुक्ता... मी बोलतोय.”

खांबेट्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

“होडीत आहे गं. मधोमध. वारा पडलाय.”

पलीकडे एकदम बांध फुटला.

“होडीत? असल्या हवेत? जॅकेट घातलंय? नसेलच घातलं! बीपीची गोळी तरी घेतलीत का? संक्रांतीपासून एक फोन नाही, बाप आहे की नाही ते कळायला मार्ग नाही, आणि आज सांगताय काय, तर वारा पडलाय! मी तेव्हाच म्हटलं होतं, विका ती होडी!”

“नाही विकणार.”

“नाही म्हणजे? मी उद्या येते तिकडे. मग बघू कशी विकत नाही ते!”

“तू येच!”

खांबेट्यांनी फोन कानापासून लांब धरला. तरी तिचा आवाज सगळ्या पाण्यावर पसरत होता.

“ऐकताय ना बुवा?” ते ओल्या बाहीनं डोळे पुसत म्हणाले. “अशी आहे ही! एक शब्द खाली पडू देत नाही.”

शीड तसंच लोंबत होतं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

बुवांनी उपरणं अंगाभोवती घट्ट लपेटून घेतलं.

“वारा सुटला,” ते म्हणाले. “धर दोरी.”