पानडब्यातली मोटार

देवळीगडच्या महाराजांचा सारा जीव त्यांच्या विलायती मोटारीत. एकदा त्यांनी फर्मावलं, "आमच्या पानडब्यात मोटार उतरली पाहिजे! करील तोच यापुढे दरबारचा सोनार."

कुणी चांदीच्या डब्याला चाकं लावली, कुणी दिवे. "ही तर खेळणी!" म्हणत महाराजांनी ती भिरकावून दिली.

जुने दरबारी सोनार मुरारशेठ पोतदार मात्र मोटारीपाशी डोळे मिटून तिच्या दाराचा आवाज ऐकत बसत. त्यांनी आणला साधा, गुळगुळीत डबा.

महाराज भडकले. "यात मोटार कुठाय?"

"सरकार, जरा पाठ फिरवावी."

महाराज वळले. मुरारशेठांनी हलकेच झाकण लावलं. तोच जड, मऊ, भारदस्त आवाज!

महाराज लगबगीनं दाराकडे धावले. "आमच्या मोटारीतून कोण उतरलं रे?"

"कुणी नाही, सरकार. डब्याचं झाकण लागलं."

महाराज थक्क होऊन झाकण उघडत-लावत बसले. विडा तसाच राहिला.