धनेशिणीने पाहिलेली बाग

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका राजाने दूरदेशीची झाडं आणून मोठी बाग लावली होती. तिथे एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांचं जोडपं राहत असे. अंडं घालायच्या वेळी धनेशीण ढोलीत शिरली आणि तिने आतून ढोलीचं तोंड लिंपून घेतलं. फक्त एक फट उरली. त्या फटीतून धनेश तिला, आणि पुढे पिल्लालाही, फळं भरवत राहिला.

पिल्लू उडायला लागलं, धनेशीण बाहेर आली, तेव्हा धनेश म्हणाला, "चल, तुला सगळी बाग दाखवतो. मला इथलं झाडन् झाड ठाऊक आहे."

पण बसून बसून धनेशिणीचे पंख आखडले होते. ती प्रत्येक झाडावर टेकायची आणि भान हरपून बघत राहायची.

"अशी रेंगाळलीस तर अर्धी बागही व्हायची नाही," धनेश कुरकुरला.

जायफळाच्या झाडावर एक पिवळं फळ उकललं होतं. आतल्या बीवर लालभडक जाळी होती.

"अहो, किती देखणं हे! ढोलीच्या अंधारात मला दिसायचं नाही, पण हेच आणत होतात ना रोज? मग एकदाही कसं बोलला नाहीत?"

धनेश ओशाळला. "मी कधी पाहिलंच नाही गं. फळ चोचीत धरलं की तुम्हा दोघांची भूक तेवढी दिसायची."

 धनेशिणीने जरा सरकून त्याला जागा करून दिली.

"आता कुणी उपाशी नाही. बसा इथे निवांत."

धनेश बसला. बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ते वरचं बघ, आणखी एक उकलतंय."