घरटी एक फळी

आयर्लंडमध्ये विकलोच्या डोंगरांत नॉकडरी नावाचे एकवीस उंबऱ्यांचे गाव आहे. या गावात शवपेटी कधी विकत आणत नाहीत. कोणी गेले की घरटी एक फळी येते. कुणी कपाटाचे दार देतो, कुणी बाकाची पाठ, कुणी मेजाचा खण. सुतार त्यांवर रंधा मारत नाही, रंग खरवडत नाही, बिजागरी असली तर तीही राहू देतो. पेटी अशी काही ओबडधोबड होते की नव्या माणसाला हसू येते. मग गावचा म्हातारा सुतार लॉफलिन त्या हसणाऱ्याला दफनभूमीच्या भिंतीवर बसवतो. घाईत असाल तर आत्ताच उठा, असेही बजावतो. अर्धी गोष्ट ऐकून निघून जाणाऱ्यांचा त्याला भारी राग.

सतराशे अठ्ठ्याण्णव साली इथल्या शेतकऱ्यांनी इंग्रज राजाचे जोखड झुगारून स्वतःचे प्रजासत्ताक उभारायचे ठरवले आणि भाले हातात घेतले. तोफांपुढे भाले किती टिकणार? उन्हाळा सरायच्या आत दाणादाण उडाली. वाचले ते लपतछपत घरी आले, आणि त्यांच्या मागोमाग शिपाई आले. ज्या घरातला पुरुष बेपत्ता, त्या घरात तळ ठोकायचा आणि तो परतायची वाट पाहत बसायचे, असा त्यांचा खाक्या होता.

ओनोराचा नवरा फेलिम मांडीत गोळी घेऊन परतला होता. त्या डोंगरांत लाकूडफाटा थोडा. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत घालतात, तिला टर्फ म्हणतात. आपल्याकडे गोवऱ्यांचा हुडवा रचतात तसा प्रत्येक परसात टर्फचा हुडवा असतो. ओनोराने आपला हुडवा आतून पोकळ केला, फेलिमला त्यात बसवले, जखम बांधली, हातात भाकरी दिली आणि शेवटच्या विटा लावून तोंड बुजवले. ती हात धुते न धुते तोच तीन शिपाई आणि त्यांचा हवालदार दारात उभे राहिले.

पावसाची झड लागली होती. सगळे भिजून चिंब झाले होते. हवालदार म्हणाला, "मागे ढीग आहे ना? आण चार पाट्या, विस्तव कर."

हुडव्याच्या विटा जितक्या चुलीत जाणार, तितका फेलिम उघडा पडणार.

"ते ओलं आहे, साहेब. नुसता धूर होईल. मी सुकं आणते," ती म्हणाली आणि शेजारी गेली.

शेजारी टेग कॅव्हना. "टेग, पाटीभर टर्फ दे. का ते विचारू नकोस."

टेगने तिच्या परसातल्या हुडव्याकडे पाहिले. त्याला कळायचे ते कळले. "माझ्या घरात चार लेकरं आहेत, ओनोरा," तो म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले. ती पुढच्या घरी गेली, त्याच्या पुढच्या घरी गेली. भीती पावसाआधीच गावभर पोचली होती. एकही दार उघडले नाही.

ती परत आली आणि तिने घरातले तिवई-स्टूल कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातले.

दुसऱ्या दिवशी चरखा गेला. मग मांडणी, मग पलंग, मग घराचे दार. हवालदाराला मौज वाटत होती. बंडखोराचे घर त्याच्याच बायकोच्या हातांनी जळत होते. त्याला बोटसुद्धा उचलावे लागत नव्हते.

रोज सकाळी ओनोरा हुडव्याला टेकून शेळीची धार काढी आणि मोठ्याने शेळीशी बोले. "हलू नकोस गं बाई. चौघंही आहेत अजून. जपून खा, पुरवून खा." आतून हूं नाही की चूं नाही. तिला म्हणे त्याचे कौतुक वाटे. आजवर माझे एक ऐकले नाही, आता कसा शहाण्यासारखा ऐकतो आहे!

पाळणा तिने मागे ठेवला होता. पोटातल्या बाळासाठी फेलिमने तो हिवाळ्यात केला होता. चौथ्या दिवशी तोही फोडावा लागला. पाळणा जळताना एकाही शिपायाने आगीकडे हात पसरले नाहीत, असे सांगतात.

पाचव्या सकाळी ते निघून गेले. ते टेकडीआड होईपर्यंत ओनोरा थांबली, मग धावत मागे गेली आणि विटा उपसू लागली.

फेलिम तिने बसवला होता तसाच बसलेला होता. हातातल्या भाकरीचा एक तुकडाही तुटलेला नव्हता. तिच्यावर बुरशी आली होती.

पहिल्याच संध्याकाळी तो गेला होता. चार दिवस तिने घर जाळले ते मेलेल्या माणसासाठी. लॉफलिन इथे थांबतो. दर वेळी थांबतो.

पेटीला घरात एक फळी उरली नव्हती. ओनोरा उंबऱ्यावर बसून राहिली, तिने कुणाला हाक मारली नाही. पहिला आला टेग. ज्या दाराने त्याने तिला परत पाठवले होते, तेच बिजागऱ्यांसकट उपसून त्याने पाठीवर आणले होते. त्याच्या मागे सारा गाव होता, प्रत्येकाच्या हातात काही ना काही लाकूड.

ओनोराने मान वर केली. "आता उघडलंस होय दार?"

टेगने दार तिच्यापुढे ठेवले आणि खिळे ठोकायला बसला.

तेव्हापासूनची ही रीत. आजही नॉकडरीत कोणी गेले की पहिली फळी कॅव्हनांच्या घरची लागते, तोवर दुसरी कुणी आणत नाही. लॉफलिन त्याच घरातला, शेवटचा. पुढची पेटी बहुधा आपलीच, आणि तेव्हा फळी द्यायला घरात कुणी नसेल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून गेल्या वर्षी त्याने आपले पुढचे दार उतरवून चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवले. तुम्ही गेलात तर दिसेल. घराच्या चौकटीत गोणपाट लोंबते, पाऊस सरळ आत येतो, आणि म्हातारा चुलीपाशी अंगाची जुडी करून बसलेला असतो.