मागल्याच्या पानावर वाढणारी ठकूआत्या

फार फार वर्षांपूर्वी निंबगव्हाण आणि रेतवडी या दोन गावांच्या मध्ये सात कोसांचं वाळवंट होतं आणि वाळवंटाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द होती. त्या हद्दीवर मागल्या राहायचा. रांगेत जो सर्वांत मागे चालेल, त्याला तो मेलेल्या माणसाच्या आवाजात हाक मारायचा. वळून पाहिलं की माणूस संपला. उरायच्या नुसत्या वहाणा, वाळूनं गच्च भरलेल्या. इकडचा चौकीदार म्हणे, माणूस तुमच्या हद्दीत गेला. तिकडचा म्हणे, तुमच्या. मागल्या मात्र दोन्हीकडे जेवायचा.

निंबगव्हाणच्या मैनाचं लग्न रेतवडीच्या मुलाशी लागलं. नवरीची पाठराखीण म्हणून निघाली तिची ठकूआत्या. आईविना पोरीला हिनंच वाढवलेलं. गावात पंगत कुणाचीही असो, वाढायला ठकूआत्याच, आणि तिच्या आग्रहाला सारं गाव भ्यायचं. कुणी नको म्हटलेलं तिला ऐकूच यायचं नाही, असं म्हणतात.

भर दुपारी हद्दीचा दगड दिसला आणि वऱ्हाड भराभर पुढं सरकू लागलं. शेवटी राहायला कुणी तयार नव्हतं. व्याहीबुवा तर स्वतःच्या बैलांच्याही पुढं धावत होते. लुगड्यात पाय अडकून मैना मागे पडली. ठकूआत्यानं तिला पुढं ढकललं.

"पाठराखीण मी हाय. तू मागं बघू नगंस," एवढंच ती म्हणाली आणि शिदोरीची टोपली घेऊन शेवटची झाली.

थोड्याच वेळात तिच्या वारलेल्या नवऱ्याचा आवाज आला, "अगं, थांब जरा."

हा माणूस भुकेशिवाय कधी हाक मारत नसे, हे तिला पक्कं ठाऊक. ती वळली. तोंडाच्या जागी नुसतं भोक, आणि त्यातून वाळू गळतेय. पळत सुटावं असं तिला वाटलं, खोटं कशाला बोला. पण सवय ती सवय.

"किती वाळलास रं," ती म्हणाली. "बस. दोन घास खा, मग मला खा."

तिनं पत्रावळ मांडली, बुंदीचे लाडू वाढले. मागल्याही कधीकाळी इकडचाच माणूस. भरल्या पानावरून उठणं त्याला जमेना. आणि पान रिकामं होऊ देईल ती ठकूआत्या कसली! तो पुरे म्हणे, ती दोन वाढे. तो पानावर आडवा हात धरी, ती बोटांच्या फटीतून वाढे. टोपली तीन दिवस सरली नाही, असं म्हणतात. ज्यांनी तिचे लाडू खाल्ले होते ते म्हणत, चमत्कार कसला, एकेक लाडू फोडायलाच प्रहर जायचा.

तोवर मैना रेतवडीला सुखरूप पोचली होती.

तिसऱ्या दिवशी मागल्या रडकुंडीला आला. सुटका व्हावी म्हणून त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात विचारलं, "आत्या, तुमी जेवलात का?"

ठकूआत्याचा हात थांबला. उभ्या जन्मात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि रडत रडत एक लाडू खाल्ला. मागल्यानं तिला दुसरा वाढला.

मैना माणसं घेऊन शोधत आली, तेव्हा दगडाशी कुणीच नव्हतं, नुसत्या दोन पत्रावळी होत्या, दोन्ही स्वच्छ. वहाणा कुठंच नव्हत्या. त्यानंतर त्या वाटेवर कुणी हरवलं नाही.

आजही रेतवडीच्या लग्नात पहिलं पान पाठराखिणीचं. सगळी पंगत उभी राहते, नवरी तिला जेवलात का म्हणून विचारते आणि तिनं घास घेतल्यावरच बाकीचे बसतात. शेजारी आणखी एक पान मांडतात, मागल्याचं. त्यावर एकच लाडू ठेवतात. आग्रह करत नाहीत.