निघून जाणारी माती

फार जुनी गोष्ट. डोंगरउतारावरच्या शेतात एक सायाळ पिलांसह बिळात राहत असे. दरवर्षी पीक निघाले की नांगर जमीन उलथीपालथी करून उघडी टाकी.

एका ढगाळ दुपारी बिळाच्या भिंती कुजबुजू लागल्या, "चला, निघू या."

"कोण बोलतंय?"

"आम्ही माती. आम्हाला धरून ठेवणारं इथं कुणी उरलं नाही."

सायाळीचे काटे ताठ झाले. पिलांना घेऊन ती बांधापलीकडे, वर्षानुवर्षे न उपटलेल्या तुरीखाली गेली.

"इथली माती जाणार नाही ना?"

"माझी मुळं तिला सोडत नाहीत," तूर म्हणाली.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी बिळाच्या जुन्या शेतात नुसता खडक उरला होता. त्यावर एकटाच नांगर खरखरत फिरत होता, "माती कुठाय? माती कुठाय?"

सायाळीने पिलांना पोटाशी ओढले.