कौसल्या नावाचं फूल

एका गावात एक भोळा माळी होता. गाव खालची सावरी, माळी हैबती गोळे. गावात शहाणे तसे पुष्कळ, आम्ही सगळे त्यातलेच. पण काम सांगितलं की पारावरून उठणारा एकटा हैबती. म्हणून ओगलेबाईंनी त्याला बागेवर ठेवला.

ओगलेबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि आमच्या थंड हवेच्या डोंगरावर घर बांधून राहिल्या. त्यांना नाद कॅमेलियाचा. कॅमेलिया म्हणजे चहाच्या झाडाची चुलत बहीण. पान हिरवंगार, तुकतुकीत. फूल गुलाबासारखं गच्च, पण काटा नाही आणि वासही नाही. बाईंनी तांबड्या कॅमेलियाचा पराग पांढऱ्याला लावून स्वतःची नवी संकरित जात केली होती. बी रुजवून सात वर्षं झाली, तेव्हा कुठे त्या झाडाला पहिल्या कळ्या धरल्या.

बाई म्हणाल्या, "हैबती, जानेवारीत तालुक्याला फुलांचं प्रदर्शन आहे. या झाडाचं फूल तिथं धड पोचलं, तर या जातीला तुझ्या बायकोचं नाव देईन. कौसल्या."

हैबती हरखून गेला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि बायकोला तिच्या पसंतीचं एक लुगडंही त्यानं आणलं नव्हतं. आता तिच्या नावाचं अख्खं फूल! कौसल्यानं ही बातमी दोन दिवसांत नळावर, गिरणीवर आणि बाजारात सांगून टाकली. म्हणजे आता माघार नव्हती.

बाईंनी शिकवलं, "एका फांदीवर एकच कळी ठेवायची. बाकीच्या खुडायच्या. मग फूल मोठं येतं."

हैबतीनं कळ्या खुडल्या. अगदी बरोबर खुडल्या. बाई खूश झाल्या. हैबती त्याहून खूश झाला आणि घरी गेला. घरामागं कौसल्याची वांग्याची बारा झाडं फुलांनी डवरली होती.

संध्याकाळी कौसल्या परसात गेली आणि किंचाळली. "आवो, फुलं कुठं गेली समदी?"

"खुडली. फांदीला एक ठेवलंय. आता बघ, वांगं कलिंगडाएवढं येतंय."

"कलिंगडाएवढं घेऊन काय डोक्यावर ठेवू? झाडावर जे आलंय त्याला हात लावायचा नाय! देवानं दिलंय ते राहू द्यायचं!"

हैबतीनं कपाळावर हात मारला. "चुकलंच माझं. हे डोकं नव्हं, रिकामी कुंडी हाय. पण आता पक्कं ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. सगळी पंचाईत तिथंच होती.

पंधरा दिवसांनी कॅमेलियाच्या शेंड्यांवर मावा पडला. बारीक किडे, नुसते बुजबुजलेले. हैबतीनं पाहिले आणि हात जोडले. चार दिवसांनी बाईंचं लक्ष गेलं.

"अरे हैबती! इतका मावा, आणि तू बघत बसलास?"

"देवानं दिलंय ते राहू द्यायचं, बाई."

बाईंनी डोळे मिटले, दहापर्यंत आकडे मोजले, मग म्हणाल्या, "हे बघ. झाडावर नको ते काही दिसलं की साबणाचं पाणी मारायचं आणि धुऊन काढायचं. लख्ख!"

"चुकलंच माझं. ह्या डोक्यात माती तरी हाय का बघा, बाई. पण आता पक्कं ध्यानात ठेवतो."

मावा गेला. झाड वाचलं. थंडी पडली, आणि बागेतले जुने कॅमेलिया फुलू लागले. बाईंनी पुढच्या संकराची तयारी केली. सकाळभर खुर्चीवर बसून बारीक कुंचल्यानं त्यांनी तांबड्या फुलाचा पिवळा पराग पांढऱ्या फुलांच्या पोटात लावला. एकवीस फुलं झाली. मग कागदी पिशव्या आणायला त्या घरात गेल्या. हैबती फिरत फिरत आला. बघतो तर काय, पांढऱ्याशुभ्र फुलांत पिवळी घाण!

बाई बाहेर आल्या तेव्हा एकविसावं फूल लख्ख होत होतं.

त्या दिवशी बाई खरंच रडल्या. हैबतीही रडला. बाईंनी नाक पुसलं आणि जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईसारखं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. "ही पिवळी पूड म्हणजे पुढची पिढी, हैबती. तिला पाण्याचा थेंब लागता कामा नये. पूड लावली की लगेच वरून कागदी पिशवी घालायची आणि सुतळीनं बांधायची. पिशवीवर आईबापाचं नाव आणि तारीख लिहायची."

"पक्कं ध्यानात ठेवतो, बाई." तेव्हापासून तो खिशात दोन मोठ्या पिशव्या, सुतळी आणि पेन्सिल घेऊनच हिंडू लागला.

मार्गशीर्षात त्याच्या मेव्हण्याच्या मुलीचं, सुवर्णाचं लग्न निघालं. हैबती मानाचा आत्याचा नवरा, म्हणून मांडवात पुढं उभा. बायकांनी सुवर्णाला हळद लावली. तोंड, हात, पाय, पोरगी पिवळीजर्द झाली. मग एकीनं न्हाऊ घालायला पाण्याचा तांब्या उचलला.

"थांबा!" हैबती ओरडला.

त्यानं तांब्या हिसकावला, खिशातली पिशवी काढली, नवरीच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढली आणि सुतळीची गाठ मारली. पेन्सिलीनं पिशवीवर तिच्या आईबापाचं नाव लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि शांतपणे बाजूला उभा राहिला.

पिशवीतून आवाज आला, "मामा, मला दिसत नाय!"

मांडव हसून हसून आडवा झाला. मी स्वतः हसताना बुंदीच्या परातीत बसलो, म्हणजे शहाण्यांचं काय ते बघा. हसली नाही ती फक्त मेव्हण्याची म्हातारी चुलती. तिनं पिशवी फाडली आणि हैबतीला धारेवर धरलं.

"मेल्या, आईबापाचं नाव कशाला लिवतोस? पोरगी आता ह्या घरची राहिली का? ज्याच्या हातात दिली त्याचं नाव लावायचं! त्याचं आडनाव लावायचं! कुणीबी इचारलं तरी तसंच सांगायचं!"

"चुकलंच माझं, मावशी. माझ्यापरीस दगड बरा, निदान धुणं तरी धुता येतं. पण आता पक्कं ध्यानात ठेवतो."

जानेवारी आला. नव्या झाडाची कळी उमलली. तळहाताएवढं फूल, पहाटेच्या आभाळासारखं फिकट गुलाबी, आणि कडेला पांढरी रेघ. बाईंचा गुडघा दुखत होता. फूल आठच्या आत द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "हैबती, तू पहिल्या एसटीनं पुढं जा. मी कौसल्याला घेऊन मागून जीपनं येते. पाकळीला बोट लावू नकोस, काळी पडते. तिथं नाव विचारतील. काय सांगशील?"

"कौसल्या."

"शाब्बास."

दोन तास हैबती मांडीवर फुलाचा खोका धरून बसला. वळणावळणाला श्वास रोखत होता. शेजारच्या माणसाला त्यानं शिंकूसुद्धा दिलं नाही. फूल पोचलं ते जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. जन्मात पहिल्यांदा त्याचं काम चोख झालं होतं.

टेबलामागं चष्मेवाला कार्यकर्ता होता. त्यानं खोक्यातलं फूल पाण्याच्या बाटलीत ठेवलं, बाटली हातात घेतली आणि चिठ्ठी पुढं सरकवली. चिठ्ठीवर रकाना एकच, नाव.

हैबतीनं जपून लिहिलं, कौसल्या. मग पेन थांबलं. त्याला म्हातारी आठवली. त्यानं वर बघितलं. फूल कार्यकर्त्याच्या हातात होतं.

"साहेब, तुमचं नाव?"

"बबन."

"आडनाव?"

"पिसाळ. का हो?"

"लावायचंय."

मागं शेवंतीवाल्यांची रांग ओरडत होती. पिसाळांनी न वाचताच चिठ्ठी बाटलीला चिकटवली.

दुपारी मंडप भरला. अर्धी खालची सावरी आली होती. पुढच्या रांगेत ओगलेबाई, शेजारी नवं लुगडं नेसलेली कौसल्या. हैबती उभाच होता, त्याला बसवेना.

माइकवरचे गृहस्थ म्हणाले, "नव्या संकरित जातींमध्ये पहिला क्रमांक! सौ. कौसल्या..."

कौसल्या उठलीच. टाळ्यांच्या कडकडाटात पुढचं तिला ऐकू आलं नाही. हैबतीच्या डोळ्यांना धार लागली. "जा गं, जा! तुझं नाव पुकारलं!"

ती स्टेजवर पोचली, टाळ्या ओसरल्या, आणि माइक पुन्हा बोलला, "सौ. कौसल्या बबन पिसाळ! आपले बबनराव किती गुपचूप काम करतात बघा. या बबनराव, जोडीनं बक्षीस घ्या!"

बबनरावांना कुणीतरी ढकलत स्टेजवर आणलं. ओगलेबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. तिसऱ्या रांगेत खऱ्या पिसाळवहिनी हळूच उभ्या राहिल्या आणि पायातली चप्पल हातात घेतली. कौसल्याच्या एका हातात ढाल, एका हातात फूल, आणि शेजारी परका पुरुष. तिनं घाबरून खाली नवऱ्याकडं बघितलं.

फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. "वहिनी, साहेबांच्या जरा जवळ सरका."

कौसल्या जागची हलली नाही. हैबती गर्दीतून वाट काढत पुढं आला, डोळे पुसले, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं, सरक की त्यांच्याजवळ! लाजतीस काय? फूल फोटोत येईना झालंय!"