सहा वेळा उसवलेला चौकोन

एका गावात एक लोहार होता. नाव हैबती. त्याने घडवलेला नांगराचा फाळ बापाने घेतला तर लेकापर्यंत टिके, अशी त्याची ख्याती. सुई मात्र त्याने जन्मात हातात धरली नव्हती, आणि धरावी असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

हैबतीची बायको वारली होती. एकुलती एक लेक हौसा शेजारच्या गावी दिलेली. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते, आणि माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. त्या भागातली रीत अशी की, बारशाला बाळाला पाळण्यात ठेवायचं ते आजोळहून आलेल्या गोधडीवर. ती गोधडीही आजीच्या जुन्या लुगड्यांची हवी. आता आजीच नाही म्हटल्यावर शिवणार कोण? हौसाच्या सासूने सांगून टाकलं होतं की, आमच्या घरचीच एखादी घालू, त्यात काय एवढं. बाप भेटायला गेला तेव्हा हौसाने फक्त विचारलं, "आप्पा, आईची लुगडी आहेत ना अजून?"

लुगडी दोनच उरली होती, एक हिरवं आणि एक लाल. घरी येऊन हैबतीने ती पेटीतून काढली आणि गोधडी आपणच शिवायची असं ठरवलं. गावाला ही बातमी कळायला वेळ लागला नाही. लोहार आता ऐरणीवर ठेवून टाके ठोकणार, असं म्हणत पारावरची मंडळी पोट धरून हसली. हसणाऱ्यांना काय, दिवसभर तेवढाच उद्योग. हैबतीच्या हातात जेमतेम दोन महिने होते.

शेजारच्या मथुरावहिनींच्या हातच्या गोधड्या गावात घरोघरी होत्या. हैबती त्यांच्याकडे शिकायला गेला. त्यांनी समजावलं की, गोधडी नऊ चौकोनांची होईल, पण सगळ्यांचा विचार आत्ता नको, आधी एक करा. लुगड्याचा चौकोनी तुकडा कापा, चारी कडा आत दुमडा, खाली जुन्या धोतराचे थर घाला आणि कडेपासून आत आत फेरे घेत टाके घाला. ऐकायला सोपं होतं. पण साधी सुई हैबतीच्या बोटांत हरवून जाई, म्हणून त्याने भट्टीवर स्वतःच एक जाडजूड सुई घडवली. घण मारणारा हात तो. प्रत्येक टाका तो जीव खाऊन ओढी. पूर्ण झाल्यावर पाहतो तर चौकोनाचा सुकलेल्या आवळ्यासारखा गोळा झाला होता.

त्याने तो उसवला. विरलेल्या लुगड्यांत धड कापड मोजकंच, फेकून दुसरं घ्यायची सोय नव्हती. तेच कापड तळव्याने सपाट केलं आणि पुन्हा शिवलं. पुन्हा गोळा. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मथुरावहिनींनी ती सुई काढून घेतली. सुई हाताला बघून घ्यायची नसते, कापडाला बघून घ्यायची असते, असं म्हणत त्यांनी आपली बारीक सुई दिली. चौथ्यांदा कडा वाकड्या आल्या. पाचव्यांदा मधोमध झोळ राहिला. बोटांना इतक्या वेळा सुई टोचली होती की भाता ओढताना त्याला कळ यायची.

वहिनींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, की कापड माझ्याकडे द्या, मी आठवड्यात करून देते, हौसाला पत्ताही लागणार नाही.

हैबतीच्या मनात आलं, द्यावं. खरोखरच आलं. त्याने कापडाची घडी घातली आणि ती वहिनींच्या ओंजळीत ठेवलीसुद्धा. मग तसाच उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "फाळ वाकडा उतरला तर मी दुसऱ्या लोहाराकडे पाठवत नाही. परत भट्टीत घालतो."

वहिनींनी घडी त्याला परत दिली आणि एवढंच सांगितलं, "मग भावजी, दोरा ओढू नका. कापड सपाट राहील इतकाच सरकवा."

सहाव्यांदा हात अर्ध्या वाटेत विसरला आणि ओढून बसला. त्याने उसवलं. सातव्यांदा तो प्रत्येक टाक्याला श्वास रोखून बसला. चौकोन पुरा झाला तेव्हा त्याने तो ऐरणीवर पसरला. चारी कोपरे सपाट पडले. हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही. उरलेले आठ चौकोन मग सराईत माणसाने करावेत तसे झाले, आणि हा पहिला हिरवा चौकोन मधोमध ठेवून त्याने गोधडी जोडली.

बारशाच्या दिवशी बायकांनी गोधडी हातात घेऊन उलटीपालटी पाहिली. विहीणबाईंची, म्हणजे हौसाच्या सासूची, नजर मधल्या हिरव्या चौकोनावर थांबली. त्यात बारीक बारीक भोकं होती.

"याला कसर लागलीय, किडीने खाल्लंय," त्या म्हणाल्या.

दाराशी उभा असलेला हैबती खाली मान घालून आपल्या बोटांकडे बघू लागला.

हौसाने गोधडी मांडीवर ओढून घेतली. चौकोनावरून हळूहळू बोट फिरवलं. भोकं ओळीत होती. टाक्याच्या शेजारी एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, तिच्याही शेजारी आणखी एक.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "कसर अशी ओळीत खात नाही." मग तिने दाराकडे पाहिलं. "आप्पा, किती वेळा उसवलंत?"

"सहा," हैबती म्हणाला.

विहीणबाईंनी पुन्हा एकदा चौकोनाला हात लावला. या वेळी हात बराच वेळ तिथेच ठेवला. मग स्वतः उठून त्यांनी पाळण्यात गोधडी अंथरली, हौसाच्या कुशीतून बाळ घेतलं आणि बरोबर त्या हिरव्या चौकोनावर निजवलं.

तात्पर्य: नवं काम हातात बसतं ते चुकलेलं उसवून पुन्हा शिवायची तयारी असणाऱ्यालाच, आणि उसवल्याच्या खुणा हा त्या कामाचा डाग नसतो, ती त्याची किंमत असते.